गोल्फच्या घराण्यातल्या रग्बीपटूचं चरित्र लिहायचं तर

एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश खेळाडूवर मराठीत लिहायला बसलं की माहिती मिळत नाही असं होत नाही. माहिती भरपूर मिळते, पण ती सगळी एकमेकांची पाहून उतरवलेली असते. घराणं गोल्फचं असेल तर रग्बी एका ओळीत उरकलेली असते, आणि तीच ओळ दहा ठिकाणी शब्दशः सापडते. अकरावा लेख तसाच लिहिण्यात अर्थ नाही. मूळ कागदांपर्यंत जाऊन चरित्र कसं उभं करायचं, हे एकाच माणसाला धरून पाहू.

तो माणूस म्हणजे लेस्ली बाल्फोर-मेलव्हिल. जन्म ९ मार्च १८५४, एडिनबरा. मृत्यू १६ जुलै १९३७, नॉर्थ बेरिक. वडील जेम्स बाल्फोर हे सेंट अँड्रूज या गोल्फसाठी प्रसिद्ध स्कॉटिश गावाच्या मैदानावर आयुष्य घालवलेले हौशी गोल्फपटू. तिथल्या गोल्फच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक १८८७ मध्ये निघालं. लेस्ली स्वतः १८९५ सालचा हौशी गोल्फ अजिंक्यवीर. त्याच्या तेवीस वर्षं आधी तो स्कॉटलंडकडून रग्बी खेळला होता, फक्त एकदा.

ही एक मॅच नीट लिहिता आली तर बाकीचं चरित्र जमतं, म्हणून जास्त वेळ तिथेच द्यायचा आहे.

आधी नाव पक्कं करा

शोध सुरू करण्याआधी कोऱ्या कागदावर त्या माणसाच्या नावाची सगळी रूपं लिहून काढा. लेस्लीच्या बाबतीत हे टाळलं तर अर्धं आयुष्य हाती लागतच नाही. तरुणपणी तो लेस्ली बाल्फोर होता. मेलव्हिल हे जोडनाव पुढे सेंट अँड्रूजजवळच्या माउंट मेलव्हिल या इस्टेटीच्या वारशाबरोबर आलं. वडिलांच्या १८८७ च्या पुस्तकावर नुसतं जेम्स बाल्फोर आहे, आणि १८९५ चा विजेता मात्र बाल्फोर-मेलव्हिल. म्हणजे बदल या दोन सालांच्या मधला. १८७२ ची रग्बी, १८८२ चं क्रिकेट आणि १८८९ चं गोल्फ शोधताना बाल्फोर टाका. १८९५ पासून पुढचं सगळं बाल्फोर-मेलव्हिल.

जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात आणखी एक खोच असते. संगणकाने छापील पान वाचताना पुसट एफ हे अक्षर टी किंवा एल समजून घेतलेलं असतं, त्यामुळे बाल्फोर शोधून बातमी येत नाही, जरी ती पानावर डोळ्यांसमोर असली तरी. जोडनाव ओळीच्या शेवटी तुटलं असेल तर तेही सापडत नाही. अशा वेळी नाव सोडा. तारखेने त्या दिवसाचा अंक उघडा आणि खेळांचं पान स्वतः वाचा. वीस मिनिटं जातात, पण बातमी निसटत नाही.

एक गोष्ट मराठीपुरती. लेखात तो म्हणायचं की ते, हे सुरुवातीलाच ठरवा. सतराव्या वर्षी रग्बी खेळणारा मुलगा ‘तो’ आणि बावन्नाव्या वर्षी क्लबचा कॅप्टन झाल्यावर ‘ते’, असं मध्येच बदललं की वाचणाऱ्याला दोन माणसं वाटतात. इथे तो धरलं आहे. वडिलांना ते.

जन्म, घर आणि कुटुंब

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. लेस्ली १८५४ चा. त्यामुळे त्याचा सरकारी जन्मदाखला शोधत बसू नका, तो नाहीच. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या जुन्या परगणा नोंदवह्या पाहायच्या, आणि त्यांत जन्मापेक्षा बाप्तिस्म्याची नोंद असण्याची शक्यता जास्त. दोन्ही तारखा वेगळ्या असतात. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहून टाकण्याची चूक फार होते.

या सगळ्या नोंदी स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर आहेत. तिथे क्रेडिट, म्हणजे आगाऊ पैसे भरून मिळणारे गुण, विकत घ्यावे लागतात आणि दाखल्याच्या प्रत्येक प्रतिमेला ते खर्च होतात. पैसे वाचवायचे तर पहिल्यांदा मृत्यूचा दाखला घ्या. स्कॉटिश मृत्यूदाखल्यावर वडिलांचं नाव आणि व्यवसाय, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव अशी माहिती एकत्र मिळते. तेवढ्यावरून चर्चची नोंद आणि जनगणनेतलं घर ओळखता येतं, आणि चुकीच्या बाल्फोरवर क्रेडिट उधळले जात नाहीत. बाल्फोर हे तिकडे चांगलंच पसरलेलं आडनाव आहे. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचे झालेले बाल्फोर जाहीरनाम्याचे बाल्फोर हेही स्कॉटिशच. आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका.

जनगणना दर दहा वर्षांनी. १८७१ ची मोजणी २ एप्रिलच्या रात्रीची होती, आणि तेव्हा लेस्ली सतरा वर्षांचा होऊन महिनाही झालेला नव्हता. त्या रात्री तो ज्या घरात झोपला तिथे त्याची नोंद, मग ते घर आई-वडिलांचं असो की दुसऱ्या कुणाचं. घरी नाव नाही म्हणजे नोंद हरवली असं नव्हे.

मृत्युपत्राच्या संपत्तीची यादी, लग्न, मुलं यांचे कागद नेहमीच्याच क्रमाने जमवा. फक्त नावं पुन्हा येतात हे ध्यानात ठेवा. आजोबा जेम्स आणि नातूही जेम्स. लेस्लीचा हा मुलगा स्कॉटलंडकडून क्रिकेट खेळला आणि १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या लूसच्या लढाईत मारला गेला. त्याची नोंद युद्धस्मारकांच्या यादीत सापडते. आजोबांच्या गोल्फच्या गोष्टी नातवाच्या नावावर जाणार नाहीत यासाठी प्रत्येक जेम्सपुढे टिपणातच जन्मसाल लिहा.

ती एक मॅच

तारीख ५ फेब्रुवारी १८७२, मैदान लंडनचं केनिंग्टन ओव्हल. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातली ही दुसरी आंतरराष्ट्रीय मॅच. पहिली २७ मार्च १८७१ रोजी एडिनबरात रेबर्न प्लेस इथे झाली होती. 

पहिलं काम: वार काढा. ५ फेब्रुवारी १८७२ हा सोमवार होता. रग्बी शनिवारी खेळतात असं गृहीत धरून शनिवार-सोमवारचे अंक चाळले तर हाती काही लागणार नाही. दैनिकांतला वृत्तांत मंगळवार, ६ फेब्रुवारीपासून शोधायचा, आणि साप्ताहिकांतला त्या आठवड्याच्या शेवटी. साप्ताहिकातला वृत्तांत सहसा जास्त सविस्तर असतो, दैनिकातला जास्त ताजा. दोन्ही घ्या.

दुसरं: वय मोजा, आयतं घेऊ नका. ९ मार्च १८५४ पासून ९ मार्च १८७१ पर्यंत १७ वर्षं. तिथून ९ जानेवारी १८७२ पर्यंत १० महिने. पुढे ५ फेब्रुवारीपर्यंत २७ दिवस. म्हणजे १७ वर्षं, १० महिने, २७ दिवस. ज्या लेखात नुसती सालं वजा करून १८ लिहिलेलं असतं तिथे एक मोठी गोष्ट हरवते: शाळकरी वयाचा मुलगा त्या दिवशी देशाकडून उतरला होता.

तिसरं: संघ. एका बाजूला वीस खेळाडू. पंधरा-पंधराची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यांत १८७७ मध्ये आली. वीसपैकी बहुतेक जण फॉरवर्ड, म्हणजे चेंडूभोवतीच्या झुंडीत खांद्याला खांदा लावून ढकलणारे, मागे मोजके. आजच्या रग्बीतल्या जागांची नावं आणि पाठीवरचे क्रमांक या संघावर चिकटवू नका. वृत्तांतात जागेचा जो शब्द छापला असेल तोच घ्या, आणि जागा दिलीच नसेल तर लिहू नका.

चौथं, आणि इथेच जवळजवळ सगळे घसरतात: निकाल. तेव्हा गुण नव्हते. ट्राय मिळवला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला, की गोल करण्यासाठी चेंडूला लाथ मारण्याचा हक्क मिळायचा, एवढाच त्याचा अर्थ; शब्दाचा उगमच तो आहे. मॅच ठरायची ती गोलांवर. त्या दिवशी इंग्लंडने ट्रायनंतरचा एक गोल, एक ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडू हातातून जमिनीवर सोडून, तो उसळताच लाथ मारून केलेला गोल) आणि गोलात न बदललेले दोन ट्राय मिळवले. स्कॉटलंडचा एक ड्रॉप गोल. काही आधुनिक तक्त्यांत याचं नंतरच्या पद्धतीने गुणांत रूपांतर केलेलं असतं. ते आकडे लेखात आणले की १८७२ च्या मैदानावर नसलेली गोष्ट तुम्ही तिथे नेऊन ठेवता. ‘इंग्लंड दोन गोल आणि दोन ट्राय, स्कॉटलंड एक गोल’ असं लिहा, आणि पुढच्याच वाक्यात ट्रायचा तेव्हाचा अर्थ सांगा.

पाचवं: कप. या दोन देशांतल्या मॅचबद्दल लिहिताना हात आपोआप कलकत्ता कपकडे जातो, विशेषतः आपल्या लोकांचा, कारण बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबने आपले चांदीचे रुपये वितळवून तो कप घडवला. पण त्यासाठी पहिली मॅच १८७९ ची. लेस्ली कलकत्ता कपसाठी कधीच खेळला नाही.

सहावं: एकदाच का खेळला? याचं उत्तर कागदात सापडलं तरच लिहा. दुखापत, वडिलांचा आग्रह, गोल्फची ओढ, यांपैकी काहीही तर्काने लिहिलं तर ते पुढच्या लेखात वस्तुस्थिती म्हणून उतरतं. दुसरी टोपी मिळाली नाही, एवढं पुरे. टोपी म्हणजे देशाकडून खेळल्याची खूण, हे मात्र रग्बी न पाहिलेल्या वाचकाला एकदा सांगावं.

फसवे शब्द

जुन्या बातम्यांतले काही शब्द ओळखीचे दिसतात आणि वेगळाच अर्थ घेऊन बसलेले असतात. मराठीत आणताना यांनी फार घोळ घातला आहे.

फुटबॉल. १८७२ च्या स्कॉटिश बातमीत हा शब्द रग्बीलाही लागतो. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचं नावच स्कॉटिश फुटबॉल युनियन होतं, आणि ते स्कॉटिश रग्बी युनियन झालं १९२४ मध्ये. शोधाच्या चौकटीत रग्बी टाकून काही मिळालं नाही तर फुटबॉल टाका. उलट बाजूने, ‘लेस्ली फुटबॉलही खेळायचा’ असं वाचलं तर थांबा. ती बहुधा रग्बीच असते.

रायटर टू द सिग्नेट. लेस्ली आणि त्याचे वडील दोघंही हे होते. याचा लेखनाशी काही संबंध नाही. एडिनबरातल्या एका जुन्या वकील-मंडळाचे ते सदस्य, म्हणजे दस्तऐवज आणि मिळकतीची कामं पाहणारे वकील. ‘पेशाने लेखक’ असं भाषांतर झालं की वडिलांच्या पुस्तकामुळे ते खरंही वाटतं, आणि चूक कायमची बसते.

अ‍ॅकॅडेमिकल्स. एडिनबरा अ‍ॅकॅडमी ही शाळा. एडिनबरा अ‍ॅकॅडेमिकल्स हा तिच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब. लेस्ली शाळेत शिकला आणि क्लबकडून खेळला. दोन्हीला अ‍ॅकॅडमी म्हटलं तर तो मॅचच्या वेळी शाळेत होता की बाहेर पडला होता हे कळेनासं होतं.

मिस्टर. गोल्फच्या वृत्तांतात काही नावांपुढे हा शब्द असतो, काहींपुढे नसतो. तो निव्वळ आदरासाठी नाही. हौशी खेळाडूला मिस्टर, पैशासाठी खेळणाऱ्याला नुसतं नाव. एका शब्दात त्या माणसाचा मैदानावरचा दर्जा कळतो, त्यामुळे टिपण काढताना हा शब्द गाळू नका. भाषांतरात ‘श्री.’ लावून तो अर्थ येत नाही. त्याऐवजी ‘हौशी’ असं सरळ लिहा.

कॅप्टन. लेस्ली १९०६ मध्ये सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबचा कॅप्टन झाला. हा संघाचा कर्णधार नव्हे, क्लबचा वर्षभराचा मानाचा प्रमुख. नवा कॅप्टन शरद ऋतूतल्या बैठकीच्या वेळी पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेवरून, एकच फटका मारतो, तोफ उडते, आणि तो चेंडू पकडून परत आणणाऱ्या कॅडीला, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाला, सोन्याचं नाणं मिळतं. वर्ष शरदात सुरू होत असल्याने एकच कारकीर्द दोन सालांत विभागली जाते. एका ठिकाणी १९०६ आणि दुसरीकडे १९०७ दिसलं तर तो दोनदा कॅप्टन झाला असं समजू नका.

गोल्फचं पान

इथे माहिती भरपूर असते, म्हणून निवड महत्त्वाची. दोन अंतिम सामने पुरेसे आहेत: १८८९ आणि १८९५. दोन्ही सेंट अँड्रूजला, दोन्ही हौशी अजिंक्यपदाचे. १८८९ मध्ये जॉनी लेडलेने लेस्लीला २ अँड १ ने हरवलं. ही धावसंख्या नाही. कोणी किती होल जिंकले ते मोजून खेळण्याच्या पद्धतीत याचा अर्थ: एकच होल उरला असताना लेडले दोन होलने पुढे होता, म्हणून सामना सतराव्या होलवरच संपला. मराठी वाचकासाठी हे एका वाक्यात उलगडा, नाहीतर तो २-१ असा गोलफलक वाचेल.

१८९५ मध्ये समोर होता जॉन बॉल. त्याचं वजन वाचकाला कळायला हवं: बॉल आदल्या वर्षीचा विजेता होता, १८९० मध्ये ओपन, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुली असलेली स्पर्धा, जिंकणारा पहिला हौशी खेळाडू होता, आणि पुढे त्याची हौशी अजिंक्यपदं आठवर गेली. तेव्हाचा अंतिम सामना अठरा होलचा. छत्तीस होलचा पुढच्या वर्षीपासून. अठरा होलनंतर बरोबरी झाली, आणि लेस्लीने एकोणिसाव्या होलवर बाजी मारली. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर एकोणिसावा होल म्हणजे पुन्हा पहिला, आणि पहिल्या ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, तोंडाशीच स्विल्कन नावाचा ओढा आहे. दुसरा फटका ओढ्यापलीकडे पडला पाहिजे. चेंडू गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचा, आजच्या चेंडूपेक्षा कमी उडणारा. एवढं चित्र दिलं की ‘थरारक’ हा शब्द लागत नाही.

या स्पर्धेबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते: लेस्लीचे शेवटचे तीन सामने एकोणिसाव्या होलवर गेले आणि तिन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ओढ्यात पडला. गोष्ट सुंदर आहे. अशा सुंदर गोष्टीला तीन स्वतंत्र पुरावे लागतात, प्रत्येक सामन्याचा दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत वेगवेगळा. तीनही सापडले तर ठामपणे लिहा, दोन सापडले तर दोनच लिहा. नंतरच्या मृत्युलेखावर विसंबू नका. बेचाळीस वर्षांत आठवणी गोल गुळगुळीत होतात.

गोल्फला वाहिलेलं साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झालं. म्हणजे १८९५ साठी ते उपयोगी, १८८९ साठी नाही. १८८९ साठी एडिनबरा, डंडी आणि सेंट अँड्रूजची वर्तमानपत्रंच पाहावी लागतील. घराणं गोल्फचं होतं हे सिद्ध करायला वडिलांचं पुस्तक वापरा, पण त्याच्या तारखेचं भान ठेवून: १८८७ च्या पुस्तकात मुलाचा १८९५ चा विजय असणं शक्य नाही, त्यामुळे त्यातलं मुलाबद्दलचं एखादं वाक्य विजयाशी जोडू नका.

बाकीचे खेळ

क्रिकेटची एक नोंद चुकवू नका: जुलै १८८२ मध्ये स्कॉटलंडने त्याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियन संघाला सात गडी राखून हरवलं, त्यात लेस्लीच्या ७३ धावा. टेनिसचं स्कॉटिश अजिंक्यपद १८७९ चं. यापुढे स्केटिंग, कर्लिंग, बिलियर्ड्स, लांब उडी अशी यादी लांबत जाते. ज्याला तारीख आणि ठिकाण मिळतं तेवढंच घ्या. ‘अष्टपैलू’ हा शब्द एकदाही न वापरता तीन खेळांच्या तीन तारखा दिल्या तर वाचकाला ते आपोआप दिसतं. २००२ मध्ये स्कॉटिश क्रीडा सन्मान-दालनात त्याला पहिल्याच तुकडीत स्थान मिळालं, हे शेवटाकडे एका वाक्यात येऊ द्या.

लिहिताना

टिपणांसाठी चार रकाने पुरतात: तारीख आणि वार, त्या दिवशीचं त्याचं वय, कागदात छापलेलं नाव जसंच्या तसं, आणि कागद किती दिवसांनी लिहिला गेला. चौथा रकाना भरताना कंटाळा येतो, पण तोच उपयोगी. दुसऱ्या दिवशीची बातमी आणि चाळीस वर्षांनंतरची आठवण यांत विरोध आला तर बातमी धरायची, आणि आठवण वेगळी आहे असं लिहायचं.

जागेची वाटणी करताना मोह आवरा. गोल्फची कात्रणं ढीगभर असतात म्हणून गोल्फला तीन चतुर्थांश जागा द्यायची गरज नाही. पंधराशे शब्दांच्या लेखात १८७२ च्या मॅचला चारशे शब्द द्या. वीस जणांचा संघ, गुणांशिवायचा निकाल आणि ट्रायचा मूळ अर्थ, हे सगळं सांगायला तेवढे लागतातच.

पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी लिहा, आणि त्यात नाव त्या दिवशीचंच ठेवा. नमुना असा:

‘सोमवार, ५ फेब्रुवारी १८७२. केनिंग्टन ओव्हलवर स्कॉटलंडचे वीस जण उतरले, त्यांत एल. एम. बाल्फोर होता. अठरा वर्षं पूर्ण व्हायला त्याला अजून महिनाभर होता. स्कॉटलंड हरलं. तो पुन्हा कधीच देशाकडून रग्बी खेळला नाही. तेवीस वर्षांनी सेंट अँड्रूजच्या ओढ्यापलीकडे ज्याने जॉन बॉलला मागे टाकलं, त्या गृहस्थाचं नाव बाल्फोर-मेलव्हिल होतं. माणूस एकच.’

यातल्या प्रत्येक वाक्यापुढे टिपणातल्या ओळीचा क्रमांक पेन्सिलने लिहून पाहा. ज्या वाक्याला क्रमांक मिळत नाही ते प्रसिद्ध करण्याआधी काढा.